वेळ विकत घेणारी माणसं

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा एपिसोड लिहून काढला आहे. बोलताना जे ‘अं... म्हणजे’ झालं होतं, ते तेवढं काढून टाकलंय.

आजचा विषय आहे वेळ. टाइम मॅनेजमेंटच्या टिप्स मात्र मिळणार नाहीत. इतिहासाचा पॉडकास्ट आहे, त्यामुळे इतिहासातली तीन माणसं भेटणार आहेत. पण सुरुवात माझ्या फजितीपासून.

मी सातपूरला वाढलो. पप्पांनी इथल्याच एमआयडीसीत एका कंपनीत तीस वर्षं लेथ मशीनवर काढली. आमच्या घराचं घड्याळ म्हणजे पप्पांची शिफ्ट. फर्स्ट असली की पहाटे पाचला स्टोव्हचा आवाज, नाईट असली की दुपारभर आम्ही पोरं कुजबुजत बोलणार. आता ते रिटायर आहेत आणि मी घरूनच कोड लिहितो. माझ्या कामाला भोंगा नाही. म्हणजे सुरू व्हायलाही नाही आणि संपायलाही नाही.

आम्ही मराठी ख्रिस्ती घर. गेल्या वर्षी मी ठरवलं की रोज बायबल वाचायचं. फोनवर एक अ‍ॅप घेतलं. त्यात स्ट्रीक असते, रोज उघडलं की आकडा एकने वाढतो. माझी स्ट्रीक १४० दिवसांवर गेली. मी जाम खूश! एकदा जेवताना पप्पांना दाखवली. ते म्हणाले, “वा! मग आज काय वाचलंस?”

मला आठवेना. मी सकाळी मीटिंग सुरू व्हायच्या आधी दीडपट स्पीडने ऐकलं होतं, दुसऱ्या स्क्रीनवर मेल बघत. स्ट्रीक चालू होती, वाचन कधीच बंद पडलं होतं.

पप्पा काही बोलले नाहीत. पण त्यांच्या न बोलण्याला एक कारण होतं. डायबेटिसमुळे त्यांची नजर कमी झाली आहे, बारीक अक्षर दिसत नाही. चार महिन्यांपूर्वी त्यांनी मला विचारलं होतं, “रात्री दहा मिनिटं वाचून दाखवशील का रे?” मी म्हणालो होतो, “आज कॉल आहे पप्पा, उद्या.” तो उद्या चार महिने चालला होता.

त्या रात्री मी इफिसकरांस पत्राचा पाचवा अध्याय काढला. त्यातलं सोळावं वचन चर्चमध्ये वेळेबद्दलच्या प्रत्येक संदेशात येतं. आपण त्याचा अर्थ साधारण ‘वेळ वाया घालवू नका’ असा घेतो. पण मूळ ग्रीक शब्द बघितला तर गंमत आहे. त्या क्रियापदात ‘आगोरा’ आहे, आगोरा म्हणजे बाजारपेठ. वेळ ‘विकत घ्या’, ‘सोडवून घ्या’ असा तो अर्थ आहे. आणि वेळेसाठी शब्द आहे ‘कायरोस’. घड्याळातल्या तासांसाठी ग्रीकमध्ये ‘क्रोनोस’ आहे. कायरोस म्हणजे समोर आलेली नेमकी घटका, संधी.

आता विकत घ्यायचं म्हटलं की किंमत आली. कोणीतरी खिशात हात घालावा लागतो. हे डोक्यात ठेवून मी आपल्याच महाराष्ट्राच्या इतिहासात शोधायला लागलो, की वेळ विकत घेतली म्हणजे नेमकं काय केलं?

पहिली गोष्ट रविवारची. तुम्ही म्हणाल, रविवार तर फुकटच मिळतो. नाही! १८८० च्या दशकात मुंबईच्या कापड गिरण्यांमध्ये कामगार दिवस उगवल्यापासून मावळेपर्यंत राबायचे आणि आठवड्याची ठरलेली सुट्टी नव्हती. सरकारी कचेऱ्या रविवारी बंद, साहेब चर्चला, आणि गिरणी चालू. नारायण मेघाजी लोखंडे हे महात्मा फुल्यांच्या सत्यशोधक समाजातले कार्यकर्ते, ‘दीनबंधु’ पत्राचे संपादक. त्यांनी १८८४ मध्ये कामगारांच्या सभा घेतल्या, हजारो सह्यांचा अर्ज तयार केला. मागण्या काय होत्या? रविवारची सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, पगार वेळेवर. मालक हलले नाहीत. २४ एप्रिल १८९० ला मुंबईत सुमारे दहा हजार कामगारांची सभा झाली आणि त्यात दोन कामगार स्त्रियाही बोलल्या. शेवटी १० जून १८९० ला मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली.

लोखंडे ख्रिस्ती नव्हते. रविवार हा आपल्या खंडोबाचा वार आहे, असं त्यांनी मांडलं होतं असं सांगतात. मला यातलं हे भारी वाटतं की, मी ज्याला प्रभूचा दिवस म्हणतो तो दिवस कामगाराच्या हातात पडावा म्हणून एका सत्यशोधकाने सहा वर्षं घासली. पप्पांना लेथवरून उतरून चर्चला जाता आलं, त्यामागे अशा लढ्यांचा हात आहे. आणि मी तो दिवस कशात घालवतो? अर्धा झोपेत, अर्धा रील्समध्ये.

दुसरी गोष्ट पंडिता रमाबाईंची. त्यांचं नाव शाळेत ऐकलेलं असतं: १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन, मग पुणे, मग केडगावचं मुक्ती मिशन. १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून शेकडो मुली-बायकांना केडगावला आणलं. शेती, विणकाम, छापखाना, शाळा, आजारपणं, एवढ्या लोकांचं रोजचं जेवण. आजच्या भाषेत बोलायचं तर एका बाईंवर चार डिपार्टमेंट! त्यात त्यांना ऐकायला कमी यायचं. त्याच कारणाने इंग्लंडमध्ये डॉक्टर व्हायचं स्वप्न सोडावं लागलं होतं.

अशा बाईंनी वयाच्या पंचेचाळिशीच्या पुढे काय हातात घ्यावं? अख्ख्या बायबलचं मराठी भाषांतर! तेही इंग्रजीवरून नाही, मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून. कारण त्या वेळचं मराठी बायबल संस्कृत वळणाचं होतं आणि केडगावच्या मुलींना ते समजायचं नाही. मुलींनी संस्कृत शिकावं असं त्या म्हणाल्या नाहीत. त्यांनी स्वतः हिब्रू शिकून घेतली. पुस्तक मुक्तीच्याच छापखान्यात तयार झालं, खिळे जुळवायला तिथल्याच बायका.

हे काम पंधरा वर्षांहून जास्त चाललं. मधे १९२१ मध्ये त्यांची एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. तरी काम थांबलं नाही. भाषांतर पूर्ण झालं आणि ५ एप्रिल १९२२ ला रमाबाई गेल्या. पूर्ण बायबल १९२४ मध्ये बाहेर आलं, त्यांनी ते बांधलेलं पाहिलं नाही.

इथे मी थोडा अडकलो. कारण रमाबाई वाचल्या की वाटतं, त्या महान होत्या, आपलं काय! आपल्याला एवढी शिस्त कुठली? म्हणून तिसरी गोष्ट, आणि ती आमच्या गल्लीतली म्हणावी इतकी जवळची.

आमच्या सातपूरहून गंगापूरच्या बाजूला गेलं की गोदावरीच्या काठी जलालपूर लागतं. गाडीवर फार लांब नाही. १८६८ मध्ये तिथे एका ब्राह्मण घरात एक मुलगी जन्मली. अकराव्या वर्षी तिचं लग्न झालं, कवी नारायण वामन टिळकांशी. ह्या लक्ष्मीबाई टिळक. शाळा नाही, वाचायला शिकल्या त्या नवऱ्याकडून. १८९५ मध्ये टिळक ख्रिस्ती झाले आणि घर फुटलं. काही वर्षं लक्ष्मीबाई लहान मुलाला घेऊन वेगळ्या राहिल्या. मग त्या परत आल्या, आणि १९०० मध्ये त्यांनीही बाप्तिस्मा घेतला.

टिळकांकडे शिस्त वगैरे काही नव्हती हो! मनात आलं की निघाले, कोणी भेटलं की घरी आणलं, हातात असेल ते देऊन टाकलं. त्या सगळ्या पसाऱ्याला जेवू घालणाऱ्या लक्ष्मीबाई. म्हणजे ‘माझा स्वतःचा वेळ’ नावाची चीज त्यांच्या आयुष्यात फारशी नव्हतीच.

९ मे १९१९ ला टिळक गेले. लक्ष्मीबाई पन्नाशी ओलांडलेल्या. टिळकांचं येशूच्या चरित्रावरचं महाकाव्य ‘ख्रिस्तायन’ अर्धवट राहिलं होतं. अर्धवट तरी किती? त्यांचे जेमतेम दहा-अकरा अध्याय झाले होते. पुढचे ६४ अध्याय लक्ष्मीबाईंनी लिहिले. आणि मुलाच्या आग्रहावरून आठवणी लिहायला बसल्या, ते ‘स्मृतिचित्रे’. १९३४ पासून चार भागांत आलं. मराठीतलं सगळ्यात गाजलेल्या आत्मचरित्रांपैकी एक. पहिला भाग आला तेव्हा त्या ६६ वर्षांच्या होत्या. २४ फेब्रुवारी १९३६ ला त्या गेल्या.

मी इंजिनिअर, मला हिशोब केल्याशिवाय चैन पडत नाही. टिळक गेल्यापासून त्या जाईपर्यंतचा काळ धरला तर जवळपास १७ वर्षं. ६४ भागिले १७ म्हणजे वर्षाला चार अध्यायसुद्धा नाहीत. आमच्या ऑफिसात कोणी हा वेग दाखवला तर मॅनेजर वेगळी मीटिंग लावेल. स्ट्रीक तर दर आठवड्याला तुटली असती. पण ख्रिस्तायन पूर्ण झालं, १९३८ मध्ये छापून आलं.

तर मंडळी, या तिघांकडे बघून मला माझी चूक कळली. मी वेळ वाचवत होतो. दीडपट स्पीडने ऐकून रोज सात-आठ मिनिटं वाचवली, आणि ती परत फोनमध्येच ओतली. या तिघांनी वेळ वाचवला नाही, दिला. आणि प्रत्येक वेळी समोर एक माणूस होतं: गिरणीतला कामगार, केडगावची न शिकलेली मुलगी, अर्धं काव्य टाकून गेलेला नवरा. लोखंड्यांनी मालकांचा राग घेतला, रमाबाईंनी उतारवयातली सगळी वर्षं दिली. किंमत प्रत्येकाने मोजली. माझ्या स्ट्रीकसमोर कोणीच नव्हतं, म्हणून ती मला एका पैशालाही पडली नाही.

आणि माझी कायरोस तर चार महिने शेजारच्या खोलीत बसून होती. चष्मा पुसत.

आता आमच्याकडे रात्री सव्वानऊला फोन टीव्हीखालच्या ड्रॉवरमध्ये जातो. नवाच्या कॉलवाल्यांना सांगितलंय की मी नवाला येईन, पण सव्वानऊला उठेन. पहिल्यांदा सांगताना पोटात गोळा आला होता. टीम लीड दोन सेकंद गप्प होता, मग म्हणाला, “ओके.” खरं सांगू, मला अजूनही खात्री नाही की अप्रेझलला याचा काही त्रास होणार नाही.

एक अध्याय बायबल आणि मग दोन-चार पानं स्मृतिचित्रे, असं चालू आहे. पप्पांना लक्ष्मीबाई फार आवडल्यात. टिळकांचा काही घोळ आला की हसतात आणि म्हणतात, “थांब, परत वाच ते.” मग मी परत वाचतो. त्यामुळे आमचा वेग लक्ष्मीबाईंच्याही मागे आहे! मागच्या आठवड्यात तीन रात्री हुकल्या, दोन रिलीजमुळे आणि एक माझ्या आळसामुळे. चौथ्या रात्री पप्पांनी काही विचारलं नाही. फक्त ड्रॉवर उघडून ठेवला होता.

अ‍ॅप मी काढून टाकलं नाही. स्ट्रीक मात्र शून्यावर आली आहे.

तुमच्या घरात कोणाला ‘उद्या’ सांगून ठेवलंय? मला लिहून कळवायची गरज नाही. एपिसोड संपलाय, फोन खाली ठेवा आणि त्यांच्याकडे जा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. तोवर काळजी घ्या!