वावरातून जाणारी वाट : करमरकर पद्धतीची कुळकथा

उमरखेड तालुक्यात कापूस वेचून घरी येऊ लागला की गाडीभाड्याचा हिशोब सुरू होतो. विडूळ, मुळावा, ढाणकी, चातारी या चार गावांतला माल उमरखेड, पुसद आणि हदगाव या तीन बाजारांत न्यायचा आहे असं धरू. कोणत्या गावात किती क्विंटल आहे ते ठरलेलं, कोणता बाजार किती घेईल तेही ठरलेलं, आणि दर वाटेचं भाडं वेगळं. कुठून कुठे किती पाठवलं म्हणजे सगळ्यांचं मिळून भाडं कमीत कमी होईल? बारा आकडे शोधायचे आहेत, वही-पेन्सिल पुरेल. पण गावं चारशे आणि बाजार तीनशे झाले तर शोधायचे आकडे होतात १,२०,०००.

गणितात याला वाहतूक समस्या म्हणतात. टेलिफोनचं जाळं आखणाऱ्याला, विमानांचं वेळापत्रक लावणाऱ्याला, कोणत्या प्रकल्पात किती पैसा घालावा हे ठरवणाऱ्या कंपनीला याच घडणीचा प्रश्न पडतो. असे अवाढव्य प्रश्न सोडवणाऱ्या आजच्या पद्धतींचं कूळ ज्या शोधामुळे जगासमोर आलं, त्याला एका मराठी माणसाचं आडनाव आहे : करमरकर पद्धत.

या कुळाची सुरुवात लेनिनग्राडमध्ये होते. १९३९ साली लिओनिद कांटोरोविच यांच्याकडे प्लायवूड कारखान्यांचा प्रश्न आला : कोणत्या यंत्रावर कोणतं लाकूड किती वेळ चालवावं? त्यातून त्यांनी मर्यादित साधनांच्या वाटपाचं गणितच मांडलं; त्याला आज लिनिअर प्रोग्रॅमिंग म्हणतात. १९४१ साली अमेरिकेत फ्रँक हिचकॉक यांनी वाहतूक समस्या लिहून काढली. युद्धकाळात च्यालिंग कोपमन्स मालवाहू जहाजांच्या फेऱ्यांमधून त्याच प्रश्नापाशी आले. १९४७ साली अमेरिकी हवाई दलासाठी काम करताना जॉर्ज डँटझिग यांनी तो सोडवण्याची पद्धत दिली, तिचं नाव सिम्प्लेक्स. पुढे १९७५ चं अर्थशास्त्राचं नोबेल कांटोरोविच आणि कोपमन्स यांना मिळालं, डँटझिग यांना मिळालं नाही.

सिम्प्लेक्सची कल्पना वावरावरून समजते. प्रत्येक अट म्हणजे एक बांध. सगळ्या अटी पाळणारी उत्तरं बांधांच्या आतल्या वावरात असतात, आणि सर्वांत स्वस्त उत्तर एखाद्या कोपऱ्यावर सापडतंच. डँटझिग एका कोपऱ्यावर उभे राहतात आणि बांधाबांधानं जास्त स्वस्त कोपऱ्याकडे सरकतात. आणखी स्वस्त कोपरा उरला नाही की थांबायचं. पहिल्या मोठ्या चाचणीत ७७ खाद्यपदार्थांतून सर्वांत स्वस्त पोषक आहार निवडायचा होता. हातयंत्रांवर आकडेमोड करणाऱ्या नऊ जणांना मिळून त्यासाठी सुमारे १२० मनुष्यदिवस लागले.

पद्धत इतकी चांगली चालली की तिच्यातला दोष पंचवीस वर्षं दिसला नाही. १९७२ साली व्हिक्टर क्ली आणि जॉर्ज मिंटी यांनी मुद्दाम वाकडे बांध घातलेलं वावर रचून दाखवलं. त्यात सिम्प्लेक्सला एकूण एक कोपरा फिरावा लागतो. चलं, म्हणजे शोधायचे आकडे, पन्नास असतील तर कोपरे दोनाचा पन्नासावा घात, म्हणजे सोळा अंकी संख्या. सोव्हिएत गणिती लिओनिद खाचियान यांनी १९७९ साली सिद्ध केलं की हा प्रश्न वाजवी पायऱ्यांत सोडवणारी पद्धत असू शकते. पण त्यांची लंबगोलांची पद्धत प्रत्यक्षात सिम्प्लेक्सपेक्षा फारच हळू चालायची. सिद्धतेची खात्री एका पद्धतीकडे आणि वेग दुसरीकडे, अशी ही कोंडी होती.

ती फोडणारे नरेंद्र करमरकर ग्वाल्हेरच्या मराठी कुटुंबात जन्मले. आयआयटी मुंबईतून १९७८ साली पदवी, मग कॅलटेक, मग बर्कलीत रिचर्ड कार्प यांच्या हाताखाली डॉक्टरेट आणि त्यानंतर न्यू जर्सीतली बेल लॅब्ज. १९८४ साली त्यांनी पद्धत जाहीर केली, त्याच वर्षी ‘काँबिनेटोरिका’ या नियतकालिकात निबंध आला आणि नोव्हेंबरात ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या पहिल्या पानावर बातमी झळकली. बांध सोडा, वावरातून चला, हे त्या पद्धतीचं सार. आपण उभे आहोत ती जागा बांधाच्या फार जवळ असेल तर पुढचं पाऊल तोकडं पडतं. म्हणून करमरकर दर पावलाआधी सगळं वावरच गणितानं असं ताणतात की आपली जागा मध्यभागी येते. मग लांब पाऊल टाकता येतं. नव्या जागी गेलं की पुन्हा ताणायचं. दर पावलाला उत्तर ठरावीक प्रमाणात तरी जवळ येतंच, हे त्यांनी सिद्ध केलं. खात्री आणि वेग पहिल्यांदाच एका पद्धतीत आले.

उत्तर किती जवळ आलं हे मोजायला करमरकरांनी लॉगॅरिदम वापरला, आणि इथे या कुळाला भौतिकशास्त्राचं आजोळ भेटतं. क्लाउसियुस यांनी १८६५ साली उष्णतेच्या अभ्यासातून एन्ट्रॉपी ही राशी मांडली. १८७७ साली बोल्ट्झमान यांनी दाखवलं की अणूंच्या संभाव्य रचना किती, त्या संख्येचा लॉगॅरिदम म्हणजे एन्ट्रॉपी. १९४८ साली क्लॉड शॅनन यांनी बेल लॅब्जमध्येच संदेशातली माहिती मोजायला त्याच घडणीचं सूत्र वापरलं. तापलेली वस्तू ऊर्जा कमी करू पाहते आणि एन्ट्रॉपी वाढवूही पाहते. या दोघींचा तोल तापमान ठरवतं. जसजशी वस्तू निवते, तसतशी ती किमान ऊर्जेच्या स्थितीत स्थिरावते. आतून चालण्याच्या पद्धतीतही हेच घडतं. एकीकडे खर्च, दुसरीकडे प्रत्येक बांधापासूनच्या अंतरांच्या लॉगॅरिदमांची बेरीज. लॉगॅरिदमला दिलेलं वजन तापमानाची जागा घेतं. ते मोठं असताना उत्तर मध्यभागी राहतं, आणि हळूहळू कमी केलं की सर्वांत स्वस्त कोपऱ्याकडे सरकतं.

ही युक्तीही एकाएकी आली नव्हती. नॉर्वेचे अर्थशास्त्रज्ञ राग्नार फ्रिश यांनी १९५५ साली लॉगॅरिदमचं असं कुंपण सुचवलं होतं. १९६७ साली इल्या डिकिन यांनी आतून चालणारी पद्धत छापली होती. ते कांटोरोविच यांचेच विद्यार्थी, पण पश्चिमेत तो निबंध जवळजवळ वीस वर्षं कुणाच्या ध्यानात आला नाही. १९८६ साली अमेरिकी संशोधकांनी करमरकर पद्धत आणि जुनी लॉगॅरिदमची पद्धत यांचं सख्खं नातं उघड केलं. यामुळे करमरकरांचं श्रेय उणावत नाही. पावलांची हमी देणारी सिद्धता त्यांची आहे आणि झोपी गेलेली वाट साऱ्या जगानं पुन्हा चालायला घेतली ती त्यांच्यामुळे. १९८८ चं फुलकर्सन पारितोषिक आणि २००० चा पॅरिस कानेलाकिस पुरस्कार त्यांना मिळाला तो योग्यच होता.

मला खटकतो तो एकाधिकार. बेल लॅब्जची तेव्हाची मालक कंपनी एटी अँड टीनं या पद्धतीचं पेटंट घेतलं. १९८८ साली ते मंजूर झालं आणि कॉर्बेक्स नावाची प्रणाली ८९ लाख डॉलरला बाजारात आली. कांटोरोविच, फ्रिश, डिकिन अशा इतक्या पूर्वजांच्या खांद्यांवर उभ्या असलेल्या गणितावर एकाच कंपनीचं नाव लागणं मला न्याय्य वाटत नाही. २००६ साली पेटंटची मुदत संपली. आज या घराण्यातल्या पद्धती फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये आहेत आणि लाखो चलांचे प्रश्न बहुधा काही डझन पावलांत सोडवतात.

कुळाच्या दोन शाखा विशेष बहरल्या. पहिली कंपन्यांच्या वित्ताची. चार्न्स, कूपर आणि मिलर यांनी १९५९ सालीच कंपनीचं अंदाजपत्रक लिनिअर प्रोग्रॅमिंगमध्ये मांडलं होतं. या गणितात प्रत्येक प्रश्नाला एक जोडप्रश्न असतो. १९४७ साली डँटझिग भेटायला आले तेव्हा जॉन फॉन नॉयमन यांनी त्याचा गाभा त्यांना सांगितला. जोडप्रश्नाचं उत्तर सांगतं की हातात आणखी एक रुपया असता तर तो किती कमावून देता. आतून चालणाऱ्या आजच्या पद्धती दोन्ही उत्तरं बरोबरच काढतात. म्हणजे कोणता प्रकल्प घ्यावा आणि भांडवलाची खरी किंमत काय, हे एकाच वेळी कळतं.

दुसरी शाखा क्वांटम भौतिकीची, आणि तिथेही फॉन नॉयमन आधीच पोचलेले. क्वांटम अवस्थेची एन्ट्रॉपी त्यांनी १९२७ साली मांडली होती. क्वांटम अवस्था एका मॅट्रिक्सनं लिहितात आणि तिची आयगेन मूल्यं ऋण असून चालत नाहीत. अशा अवस्थांच्या वावराचे बांध गोलाकार असतात, म्हणून कोपऱ्याकोपऱ्यानं जाण्याची पद्धत तिथे निरुपयोगी ठरते. नेस्तेरोव आणि नेमिरोव्स्की यांनी १९९४ च्या ग्रंथात दाखवलं की मॅट्रिक्सच्या डिटर्मिनंटचा लॉगॅरिदम घेतला तर आतली वाट इथेही चालते. दोन क्वांटम संदेशांतला फरक ओळखायला सर्वांत चांगलं मोजमाप कोणतं, असे प्रश्न आज याच वाटेनं सुटतात.

महाराष्ट्राच्या बारावीच्या गणितात लिनिअर प्रोग्रॅमिंगचा धडा आहे. मुलं आलेख काढतात, कोपरे तपासतात आणि तिथेच थांबतात. माझं म्हणणं एवढंच की उमरखेडच्या, पुसदच्या, कुठल्याही कनिष्ठ महाविद्यालयातल्या शिक्षकानं या आतल्या वाटेसाठी एक तास जास्त द्यावा. ‘क्ष’ शून्याहून कमी नको, आणि ‘क्ष’ कमीत कमी हवा. त्यातून ‘म’ गुणिले लॉग ‘क्ष’ वजा करा आणि बारावीत शिकवतात तेच डिफरन्शिएशन करून ते शून्याबरोबर मांडा. उत्तर येतं : क्ष बरोबर म. आता ‘म’ अर्धा करा, ‘क्ष’ अर्धा होईल. पुन्हा अर्धा करा. फ्रिश, डिकिन आणि करमरकर यांच्या कामाचा गाभा या दोन ओळींत आहे, आणि तो समजण्यासाठी लागणारं सगळं गणित त्या वर्गातल्या मुलांकडे आधीपासून आहे.