ठरलेली कुस्ती आणि जाणता प्रेक्षक

कुस्ती खरी की ठरलेली, ही शंका आखाड्याइतकीच जुनी आहे. पंजाबात संगनमताने केलेल्या लढतीला ‘नूरा कुस्ती’ म्हणतात. आपल्याकडे ‘निकाली कुस्ती’ असे मुद्दाम सांगावे लागते, यातच सारे आले. ठरवून केलेली लढत हा मल्लविद्येचा कलंक, असे आपण परंपरेने मानीत आलो. पण अमेरिकेत गेल्या शतकात याच कलंकातून एक अफाट लोकरंजन उभे राहिले, आणि निकाल आधीच ठरलेला आहे हे पुरते ठाऊक असूनही लाखो माणसे त्याच्यापुढे जीव टाकून बसू लागली. हे लोक भोळे होते काय? आम्हांस तसे वाटत नाही. का वाटत नाही, हे सांगण्यासाठी एका मल्लाच्या चरित्राचा धागा हाती धरणे सोयीचे होईल. त्या मल्लाचे नाव स्टॅनिस्लॉस झिबिस्को.

झिबिस्कोचा जन्म १८७९ सालचा, पोलंडातला. भारतात त्याचे नाव राहिले ते गामा पहिलवानांचा प्रतिस्पर्धी म्हणून. ग्वाल्हेरशेजारच्या दतिया संस्थानाच्या आश्रयाने वाढलेले गामा १९१० साली विलायतेस गेले. १० सप्टेंबर १९१० रोजी लंडनच्या शेफर्ड्स बुश येथील मैदानात दोघांची गाठ पडली. आरंभीच गामांनी त्याला खाली घेतले, आणि मग झिबिस्को हातापायांवर जो जमिनीला चिकटून बसला, तो अडीच तासांहून अधिक काळ उठला नाही. अंधार पडत आला तेव्हा कुस्ती अनिर्णित म्हणून सोडवावी लागली. आठवड्याने ती पुन्हा व्हावयाची होती. झिबिस्को आलाच नाही, आणि मानाचा पट्टा गामांना मिळाला. पुढे जानेवारी १९२८ मध्ये पतियाळा येथे दोघे पुन्हा समोरासमोर आले. या खेपेस गामांनी त्याला एका मिनिटाच्या आत चीत केले.

आता या दोन लढतींकडे तिकीट काढून बसलेल्या प्रेक्षकाच्या नजरेने पाहावे. पहिली अडीच तास चालली आणि तीत पाहण्यासारखे फारसे घडलेच नाही. दुसरी इतकी लवकर आटोपली की मागच्या रांगेतल्याने पागोटे सावरावे तोवर सारे संपले असेल. दोन्ही लढती खऱ्या होत्या. किंबहुना खऱ्या होत्या म्हणूनच त्या अशा झाल्या. सत्याला प्रेक्षकाची सोय पाहण्याची सवय नसते. अमेरिकेतील कुस्तीच्या व्यापाऱ्यांनी हे मर्म अचूक हेरले.

त्यापूर्वी एक काळा अध्याय घडून गेला होता. ४ सप्टेंबर १९११ रोजी शिकागोच्या कोमिस्की पार्कवर फ्रँक गॉच आणि जॉर्ज हॅकनश्मिट यांची जगज्जेतेपदासाठी कुस्ती झाली. सुमारे तीस हजार लोक लोटले होते. हॅकनश्मिटचा गुडघा सरावात दुखावला होता. आतल्या गोटातल्यांना हे ठाऊक होते, प्रेक्षकांना नव्हते. गॉचने त्याला सरळ दोनदा चीत केले आणि लोक हळहळत, चिडत घरी गेले. त्यानंतर अमेरिकेत कुस्तीवरचा विश्वास जो ढासळला तो सावरावयास बराच काळ लागला. फसवणूक म्हणतात ती ही. आखाड्यातल्याला माहीत आणि पैसे मोजणाऱ्याला माहीत नाही, अशी जेथे स्थिती, तेथे लबाडी. पुढच्या विवेचनात वाचकांनी ही व्याख्या ध्यानात ठेवावी.

१९२० नंतरच्या दशकात एड ‘स्ट्रँगलर’ लुईस हा मल्ल, बिली सँडो हा त्याचा व्यवस्थापक आणि टूट्स माँड्ट हा कल्पक सहकारी अशा तिघांनी या धंद्याची नवी घडी बसविली. लढतीला वेळेची मर्यादा आली. जमिनीवर तासन्‌तास लोळण्याऐवजी उचलणे, आपटणे, दोरांवर फेकणे असे डोळ्यांत भरणारे डाव आले. एकट्यादुकट्या लढतीऐवजी मल्लांची मंडळी करारावर बांधून गावोगाव फिरविण्यात येऊ लागली, आणि एका गावचा निकाल पुढच्या गावच्या उत्कंठेचे बी ठरू लागला. आपल्याकडच्या संगीत नाटक मंडळ्यांचा संसार ज्यांनी ऐकला-वाचला आहे, त्यांना ही व्यवस्था परकी वाटणार नाही. कोणी जिंकावे हे आता बळ ठरवीत नव्हते. कथानक ठरवीत होते.

आणि या कथानकाला पहिला मोठा तडा दिला तो आमच्या झिबिस्कोने. या त्रिकुटाने जानेवारी १९२५ मध्ये कॅन्सस सिटी येथे वेन मन नावाच्या एका धिप्पाड फुटबॉलपटूला जगज्जेता करून टाकले. मन दिसावयास भव्य होता. कुस्ती त्याला बेताचीच येत होती. १५ एप्रिल १९२५ रोजी फिलाडेल्फिया येथे झिबिस्कोने त्याच्याकडून हरावयाचे, असे ठरले होते. झिबिस्को तेव्हा पंचेचाळिशी ओलांडलेला. पण रिंगणात उतरताच त्याने ठरलेले सारे गुंडाळून ठेवले आणि मनला पुनःपुन्हा असे पाठीवर पाडले की पंचाला त्याचा विजय जाहीर करण्यावाचून गत्यंतर उरले नाही. वर्षानुवर्षांच्या नाटकात अचानक एक खरी कुस्ती घुसली!

येथे कोणासही टाळी वाजवावीशी वाटेल. तथापि इतिहास इतका सरळ नसतो. झिबिस्कोने हे सत्यासाठी केले नव्हते. प्रतिस्पर्धी गटाशी त्याचे आधीच संधान होते. महिनाअखेरच्या सुमारास, ३० मे रोजी, त्याच गटाच्या जो स्टेचरकडे त्याने ते जेतेपद निमूटपणे सोपविले. म्हणजे ती एक खरी कुस्तीही दुसऱ्या एका ठरावाचाच भाग होती. सत्य आणि सोंग यांची अशी गाठ मल्लविद्येच्या इतिहासात क्वचितच बसली असेल.

दैवाचा विनोद असा की, उतारवयात हाच झिबिस्को रुपेरी पडद्यावर आला. ज्यूल्स डॅसिन यांच्या १९५० सालच्या ‘नाइट अँड द सिटी’ या चित्रपटात त्याने ग्रेगोरियस नावाच्या वृद्ध मल्लाची भूमिका केली. लंडनच्या पार्श्वभूमीवरील या कथेतला ग्रेगोरियस जुन्या, अस्सल कुस्तीचा अभिमानी आहे. तमाशेवजा नव्या कुस्तीचा त्याला तिटकारा आहे. त्या अभिमानापायी तो एका दांडग्या मल्लाशी झुंजतो, जिंकतो आणि त्या श्रमाने प्राण सोडतो. लढत अर्थातच चित्रीकरणासाठी बसविलेली. पण ती पाहताना आपण श्वास रोखून धरतो. ज्याने आयुष्यात खरी कुस्तीही केली आणि ठरलेलीही, त्याच्या देहबोलीतून अस्सल कुस्तीचा शोक प्रकट व्हावा आणि तोही एका बनावट लढतीतून, यापेक्षा कलेचे सामर्थ्य आणखी कोणत्या शब्दांत सांगावे?

याच सुमारास अमेरिकेत घरोघरी दूरचित्रवाणी पोहोचत होती. चौकोनी रिंगण लहान, प्रकाशयोजना सोपी, एकदोन कॅमेऱ्यांत काम भागते. त्यामुळे नव्या माध्यमाला कुस्ती फार मानवली. जॉर्ज वॅग्नर या मल्लाने ‘गॉर्जस जॉर्ज’ हे नाव घेतले, केस सोनेरी व कुरळे करविले, भरजरी झगे घातले. त्याचा चाकर आधी रिंगणात येऊन अत्तर शिंपडावयाचा, मग स्वारी यावयाची. लोक त्याच्या नावाने बोटे मोडीत आणि त्याला पाहण्यासाठी गर्दी करीत. मुष्टियोद्धा मुहंमद अली यांनी आपली बढाईखोर वाणी आपण त्याच्यावरून उचलली, असे पुढे मोकळेपणी सांगितले. त्याचे अत्तर खरे होते की नव्हते, हा प्रश्न कोणी विचारला नाही.

त्याच छोट्या पडद्यावर ८ सप्टेंबर १९६६ रोजी ‘स्टार ट्रेक’ ही विज्ञानमालिका सुरू झाली. कुस्तीच्या गोष्टीत अंतराळ कोठून आले, असे वाचक विचारतील. उत्तर असे की, प्रेक्षकाचा स्वभाव दोन्हीकडे एकच दिसतो. १९६७ सालच्या एका भागात कर्णधार कर्क एका सरड्यासारख्या परग्रहवासीयाशी झुंजतो. तो सरडा म्हणजे रबरी पोशाखातला माणूस, हे शेंबड्या पोरालाही कळत होते. तरीही त्या मालिकेवर लोकांचा असा जीव जडला की, ती बंद होणार अशी वार्ता येताच हजारो पत्रांचा वर्षाव झाला आणि मार्च १९६८ मध्ये वाहिनीला ती चालू राहील असे जाहीर करावे लागले. १९६९ साली ७९ भागांनंतर ती थांबली खरी. पण १९७६ साली अमेरिकेच्या पहिल्या अंतराळ-विमानाला ‘एंटरप्राइज’ हे नाव मिळाले, ते त्या मालिकेतल्या काल्पनिक यानाचे, आणि तेही चाहत्यांच्या पत्रांमुळे. खोट्या यानाने खऱ्या यानाला नाव दिले! अशा प्रेक्षकाला भोळा कसा म्हणावे? तो तर त्या खेळातला भागीदार आहे.

१९६७ हेच वर्ष झिबिस्कोच्या निधनाचे. आणि त्याच वर्षी आपल्याकडे दारासिंग यांचा ‘चाँद पर चढाई’ हा हिंदी चित्रपट आला. मुंबईच्या वल्लभभाई पटेल स्टेडियमवर किंगकाँगशी झुंजणारा हा मल्ल, आर्मस्ट्राँगच्या दोन वर्षे आधी, पडद्यावर चंद्रावर जाऊन तेथेही दोन हात करून आला. पुढे १९८७ साली ‘रामायण’ मालिकेत तोच हनुमान झाला आणि घराघरांतून लोकांनी पडद्याला हात जोडले. गोमंतकातल्या आणि दक्षिण कोकणातल्या वाचकांना याचे नवल वाटू नये. दशावतारातला संकासुर कोणाच्या घरचा आहे हे गावात सर्वांना ठाऊक असते, म्हणून काही त्याला पाहून पोर घाबरावयाचे राहत नाही, की मोठ्यांची रंगत उणी होत नाही. ‘आम्हांला ठाऊक आहे, आणि तरीही आम्ही मानतो’, हा करार आपल्या लोकरंगभूमीने फार पूर्वीच केलेला आहे.

अमेरिकी कुस्तीने हा करार उघडपणे कबूल करावयास मात्र १९८९ साल उजाडले. तोवर आतली गोष्ट बाहेर न फोडण्याचा तेथील मल्लांचा कडक दंडक होता. त्यांच्या बोलीत त्याला ‘केफेब’ म्हणत. त्या वर्षी वर्ल्ड रेसलिंग फेडरेशन या कंपनीने न्यू जर्सी राज्याच्या सिनेटपुढे आपला खेळ ही स्पर्धा नसून करमणूक आहे, असे सांगितले. हेतू शुद्ध व्यवहाराचा होता. क्रीडामंडळाचे नियम आणि कर टळावेत एवढाच. पण कबुलीनंतर प्रेक्षक आटले नाहीत, उलट वाढले. आपल्या देशात केबल आली तेव्हा शाळकरी मुले त्या मल्लांची चित्रे असलेली पत्ते-कार्डे खिशात घालून फिरू लागली. १९११ ची लबाडी आणि १९८९ नंतरचा खेळ यांतला भेद हाच की, आता दोन्ही पक्षांना सारे ठाऊक होते.

येथे एक गोष्ट मात्र विसरून चालणार नाही. निकाल ठरलेला असला तरी देह ठरलेला नसतो. २३ मे १९९९ रोजी, ज्या कॅन्सस सिटीत वेन मनला जेतेपद बहाल झाले होते त्याच शहरात, ओवेन हार्ट हा मल्ल छतावरून दोराने उतरण्याची करामत करताना खाली कोसळला आणि मृत्यू पावला. त्या रात्रीचा कार्यक्रम थांबविण्यात आला नाही. पडलेला माणूस सोंग करतो आहे असे प्रेक्षकांतल्या कित्येकांना प्रथम वाटले असल्यास त्यांना दोष देता येत नाही. पण खेळ चालविणाऱ्यांना ठाऊक होते. ‘आम्ही जाणतो आणि तरीही मानतो’ या कराराची सीमा तेथे संपते. सोंगाला टाळ्या द्याव्यात. सोंगापायी खऱ्या मरणाकडे पाठ फिरवू नये.

उरतो अस्सल कुस्तीचा प्रश्न. १९५२ साली हेलसिंकीच्या ऑलिंपिकला जाण्यासाठी कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांना पैसे जमवीत हिंडावे लागले. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांनी कांस्यपदक आणले, स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. बैलगाड्यांच्या मिरवणुकीने त्यांचे स्वागत झाले. त्यानंतर दुसरे वैयक्तिक पदक यावयास १९९६ साल उजाडले. दरम्यान १९८४ साली खाशाबा अपघातात गेले. अर्जुन पुरस्कार त्यांच्या नावे जाहीर झाला तो मृत्यूनंतर तब्बल सोळा-सतरा वर्षांनी.

कल्पित अंतराळयानासाठी हजारोंनी पत्रे लिहिली. खाशाबांसाठी तशी पत्रे फार थोड्यांनी लिहिली असावीत. यात दोष यानाचा नाही, पत्रे लिहिणाऱ्यांचाही नाही. सोंगाला कथा जन्मतःच लाभते, कारण ते कथेसाठीच जन्मलेले असते. सत्याला मात्र कथा सांगणारा शोधावा लागतो. अडीच तास जमिनीला चिकटलेला झिबिस्को आणि त्याला हलवू पाहणारे गामा आज आपल्या स्मरणात आहेत, ते त्या दिवशीच्या रंगतीमुळे नव्हे. नंतरच्या पिढ्यांतील वस्तादांनी आणि रसिकांनी ती गोष्ट पुनःपुन्हा सांगितली म्हणून. ठरलेल्या कुस्तीवर प्रेम करणाऱ्या आम्हां रसिकांकडे निष्ठेची कमतरता नाही. त्या निष्ठेतला थोडासा वाटा गावच्या आखाड्यात लाल मातीत घाम गाळणाऱ्या, निकाल ठाऊक नसलेल्या पोराच्या पदरात पडावा, एवढेच मागणे आहे.