कागदाएवढी भिंत

ही कुण्या एका रुग्णाची हकिगत नाही. दुर्बिणीतून होणाऱ्या सायनसच्या ऑपरेशनात कान-नाक-घसा सर्जन ज्याची मनातून धास्ती बाळगतात, तो प्रसंग सहसा ज्या क्रमाने घडतो तो इथे एका दुपारीत बसवलाय. शंभरातल्या एकालाही अशी गंभीर इजा क्वचितच होते. ऑस्ट्रियातल्या ग्राझमध्ये मेसरक्लिंगर यांनी ही पद्धत रुजवली आणि १९८०च्या दशकात डेव्हिड केनेडींनी ती अमेरिकेत नेली. तिच्यामुळे लाखो लोकांचं नाक मोकळं झालं, हेही सांगायला हवं.

सकाळी ११.२५. पॉलिपने गच्च भरलेली उजवी नाकपुडी साफ होत आलीय. एवढ्यात पडद्यावर पिवळा ठिपका दिसतो. सायनसमध्ये पिवळं काही असायचं कारण नाही. सर्जन परिचारिकेला बंद पापणीवरून डोळा हलकेच दाबायला सांगतात. ठिपका हलतो. म्हणजे ती डोळ्याभोवतीची चरबी. नाक आणि डोळ्याची खोबण यांच्यामधल्या हाडाला लॅमिना पॅपिरेशिया म्हणतात, नावातच पपायरस, म्हणजे कागद. तो फाटलाय. सर्जन चरबीला हात लावत नाहीत, तिथेच थांबतात. इथवर सगळं रीतसर.

११.५०. नाकात पॅक घट्ट बसवला जातो. रक्त बाहेर येऊ नये म्हणून. आत जायची वाट मात्र उघडीच राहते.

दुपारी १२.१०. घशातली नळी काढताना जोराचा खोकला येतो. खोकल्यासरशी शिरांमधला दाब चढतो. चरबीतली एक बारीक शीर पाझरू लागते.

१२.४५. वॉर्ड. उजवी पापणी निळसर. रुग्णाची बायको विचारते, तर सिस्टर म्हणतात, "काकू, थोडी सूज येतेच." खरंही आहे, येते. हे वाक्य दहातल्या नऊ वेळा बरोबर ठरतं, म्हणून तर ते इतकं घातक.

१.३०. पोटात गेलेल्या रक्ताने मळमळून उलटी होते. उलटीच्या जोराने शीर नीट मोकळी होते. आता पाझर नाही, धार. खोबणीला तीन बाजूंनी हाड, आतल्या बाजूचा कागद पॅकने टेकवलेला. रक्ताला पसरायला जागाच नाही, म्हणून डोळा पुढे ढकलला जातो आणि दाबाखाली डोळ्याच्या पडद्याचा रक्तपुरवठा आवळत जातो. असा उपाशी पडदा जेमतेम दीड तास तग धरतो. घड्याळ इथून धरायचं.

१.५०. डोळा ठणकतोय. वेदनाशामक इंजेक्शन. ठणका थोडा बोथट होतो आणि एक साक्षीदार गप्प बसतो.

२.३०. पापणी सुजून मिटलेली, वांग्यासारखी. सूज मोजली जाते, नाडी मोजली जाते, ताप पाहिला जातो. "दिसतंय का?" एवढं मात्र कुणी विचारत नाही. मिटलेल्या डोळ्याला काय विचारायचं?

२.५०. बायकोलाच राहवत नाही. दोन बोटांनी ती पापणी उघडते. डोळा बाहेर आलेला, गोटीसारखा टणक. "अहो, दिसतंय का काही?" "धुकं आहे."

२.५५. ड्यूटीवरचा डॉक्टर टॉर्च मारतो. बाहुली आकसत नाही. सर्जनना फोन. फोनवरूनच हुकूम येतात: पॅक काढ, डोकं वर कर, मॅनिटॉल लाव, मी निघालो.

३.२०. सर्जन पोचतात. स्कॅनला पाठवायचं का, असं कुणीतरी विचारतं. ते उत्तर देत नाहीत. डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यात भुलीचं इंजेक्शन, मग कात्री. कोपरा कापून खालच्या पापणीला धरून ठेवणारी दोरी सोडवली जाते. डोळ्याला पुढे यायला वाव मिळतो, काळं रक्त ओघळतं. बोटाखाली डोळा मऊ लागतो. दोन मिनिटांचं काम.

३.३०. डावा डोळा हाताने झाकून सर्जन टॉर्च उजव्या डोळ्यासमोर धरतात.

"उजेड दिसतोय?"

"लावलात का?"