समुद्रातल्या डाउनरिगरसाठी रॉड आणि रील कसं निवडायचं? बॉक्सवरचे आकडे समजून घ्या

मी सोलापूरचा. आपल्याकडे गळ टाकायचा म्हणजे उजनी, आणि तिथे चिलापीसाठी हलका रॉड आणि छोटं रील पुरतं. पण कोकणात जाऊन बोटीतून सुरमई धरायचं ठरलं की ऑनलाइन शोध सुरू होतो आणि 'मॅक्स ड्रॅग १५ किलो', '९+१ बेअरिंग', 'गिअर रेशो ६.२:१' असे आकडे समोर येतात. फोन घेताना नुसते मेगापिक्सेल बघितले की कसं फसायला होतं, ते तुम्हाला माहीत आहेच. इथेही तसंच आहे. सगळ्यात मोठा आकडा शोधायचा नसतो, एकमेकांशी जुळणारे आकडे शोधायचे असतात.

डाउनरिगर म्हणजे काय?

बोटीच्या कडेला बसवलेला हा एक छोटा रहाट समजा. त्याच्या ड्रमवर स्टीलची बारीक तार असते आणि तारेच्या टोकाला साधारण ४ ते ५ किलोचा शिशाचा गोळा. गोळ्याजवळ एक क्लिप असते. आपल्या रॉडची तंगूस त्या क्लिपमध्ये अडकवायची आणि गोळा हव्या त्या खोलीवर सोडायचा. बोट हळू चालत राहते आणि आमिष त्याच खोलीवर मागून येत राहतं. मासा लागला की तंगूस क्लिपमधून सुटते आणि पुढची झुंज फक्त रॉड-रीलवर होते. जड शिसं खालीच राहतं.

ही पद्धत अमेरिकेतल्या ग्रेट लेक्समध्ये सॅमन माशासाठी फोफावली. मिशिगन राज्याने १९६६ मध्ये तिथे कोहो सॅमन सोडला आणि खोल, थंड पाण्यातल्या या माशापर्यंत आमिष पोचवायची सोय लागली. समुद्रातही ती रुळली. ऑस्ट्रेलियात ज्याला स्पॅनिश मॅकरेल म्हणतात, ती आपलीच सुरमई, आणि तिथे तिच्यासाठी डाउनरिगर वापरतात.

रॉड: ताठ नको, वाकणारा हवा

डाउनरिगर लावल्यावर रॉड होल्डरमध्ये तासन् तास कमानीसारखा वाकलेला असतो. क्लिप सुटली की तो झटक्यात सरळ होतो आणि त्यामुळे सैल पडलेली तंगूस लगेच ताणली जाते. म्हणून हे बघा:

- ॲक्शन: 'मॉडरेट' किंवा 'स्लो' लिहिलेला घ्या. 'फास्ट' रॉडचा फक्त शेंडा वाकतो, त्यामुळे तो सैलपणा कमी ओढतो.
- लांबी: ७ ते ९ फूट. लांब रॉड जास्त सैलपणा ओढून घेतो, पण छोट्या होडीत तो सांभाळणं कठीण जातं.
- मटेरिअल: फायबरग्लास किंवा ग्लास-ग्रॅफाइट मिश्रण. निव्वळ ग्रॅफाइट हलकं असतं, पण बोटीवरची आदळआपट त्याला सोसत नाही.
- लाइन रेटिंग: रॉडवर '१५-३० पौंड' असं छापलेलं असतं. तुमची तंगूस त्याच्या आत बसली पाहिजे.

रील: चार गोष्टी तपासा

उजनीवर वापरतो ते स्पिनिंग रील. डाउनरिगरसाठी आडव्या ड्रमचं 'कन्व्हेन्शनल' किंवा 'ट्रोलिंग' रील सोयीचं. गोळा खाली जाताना तंगूस त्यातून सरळ आणि आपल्या ताब्यात सुटते.

१. क्षमता: '२०/३००' म्हणजे २० पौंडांची तंगूस ३०० यार्ड मावते. १ पौंड म्हणजे सुमारे ०.४५ किलो आणि १ यार्ड म्हणजे सुमारे ०.९१ मीटर. म्हणजे ९ किलो ताकदीची सुमारे २७४ मीटर तंगूस. सुरमई पहिल्याच झेपेत लांब पळते, त्यामुळे यापेक्षा कमी नको.

२. ड्रॅग: ड्रॅग म्हणजे रीलचा ब्रेक. मासा जोरात ओढतो तेव्हा तंगूस तुटण्याऐवजी ठरावीक ताणावर घसरत सुटावी, हे त्याचं काम. ठोकताळा असा, की ड्रॅग तंगुसाच्या ताकदीच्या पाव ते एक तृतीयांश ठेवायचा. ९ किलोच्या तंगुसाला तो होतो सव्वादोन ते तीन किलो. मग बॉक्सवरच्या १५ किलोचा उपयोग काय? तेवढा आवळला तर त्याआधी तंगूसच तुटेल. ड्रॅग न अडकता, सुरुवातीला धक्का न देता सुटतो का, ते बघा. मोजायला बॅग तोलायचा डिजिटल काटा पुरतो: तंगूस त्याला बांधा, ओढा, घसरायला लागेल तेव्हाचा आकडा वाचा.

३. वेग: गिअर रेशोपेक्षा 'एका फेरीत किती सेंटीमीटर' हा आकडा खरा. ड्रम लहान असेल तर मोठा रेशो असूनही तंगूस कमीच गुंडाळली जाते. क्लिप सुटल्यावर उरलेला सैलपणा पटकन ओढायचा असतो.

४. लाइन काउंटर: क्लिप लावायच्या आधी आमिष किती मागे सोडलं, ते यावर कळतं. खोली मात्र डाउनरिगरच्या काउंटरवर बघायची. प्रवाहामुळे गोळा मागे सरकतो, त्यामुळे खरी खोली आकड्यापेक्षा थोडी कमीच असते.

तंगूस आणि वायर

ब्रेड बारीक आणि गुळगुळीत असल्याने क्लिपमधून सरकू शकते. खाली ब्रेड आणि वरच्या भागात नायलॉनची तंगूस, ही जोडी चांगली चालते. शेवटी गळाजवळ छोटी वायर हवीच, कारण सुरमईचे दात तंगूस सहज कापतात.

खारं पाणी आणि आयपी ६८

फोनवरचं आयपी ६८ गोड्या पाण्यात तपासलेलं असतं, समुद्राची हमी त्यात नाही. रीलचंही तसंच: 'वॉटर रेझिस्टंट' पुरेसं नाही, 'सॉल्टवॉटर' लिहिलेलं आणि सीलबंद बेअरिंग असलेलं घ्या. ट्रिपनंतर ड्रॅग आवळून गोड्या पाण्याने हलकेच धुवा, जोराचा फवारा मारू नका, कारण मीठ आत ढकललं जातं. वाळल्यावर ड्रॅग सैल करून ठेवा.

ऑर्डर करण्याआधी

- बोटवाल्या दादांना विचारा: डाउनरिगर आहे का, होल्डरचं तोंड केवढं आहे? डाउनरिगर नसला तरी हाच सेट साध्या ट्रोलिंगला चालतो.
- रॉडला आणि रीलला सुरक्षा-दोरी बांधा.
- जून-जुलैमध्ये राज्यात यांत्रिक नौकांना मासेमारीबंदी असते, त्यानुसार बेत आखा. लाइफ जॅकेट घातल्याशिवाय निघू नका.

न जुळणाऱ्या सेटमध्ये पैसे जातातच, पण आणखी एक नुकसान होतं. तंगूस तुटली की मासा तोंडात गळ आणि मागे लोंबणारी तंगूस घेऊन निघून जातो, आणि नायलॉन समुद्रात लवकर कुजत नाही. म्हणून खरेदीचा क्रम असा ठेवा: आधी मासा, मग तंगूस, मग तिला जुळणारा रॉड आणि शेवटी रील. शंका असेल तर कमेंटमध्ये रीलचे आकडे टाका, मिळून बघूया.