सर्दीच्या डोकेदुखीची गोळी

सर्दी झाली की नाकापेक्षा डोक्याचाच त्रास अधिक. नाकाचं अस्तर सुजतं, कपाळाच्या आणि गालांच्या हाडांमधल्या पोकळ्यांची तोंडं बुजतात आणि खाली वाकलं की डोक्यात घण बसतात. त्यात ताप असेल तर डोकं ठणकतं ते वेगळंच. आपल्याकडे यावर सुंठ उगाळून कपाळाला लेप देत, वाफारा घेत. गोळी घ्यायची सवय मात्र शंभर-सव्वाशे वर्षांचीच आहे, आणि तिची सुरुवात झाली ती एका घोटाळ्यातून.

१८८६ साली स्ट्रासबुर्गमध्ये काह्न आणि हेप हे दोन डॉक्टर जंतांच्या एका रुग्णाला नॅफ्थॅलीन देत होते. औषधाच्या दुकानातून चुकून दुसरीच पूड आली, अ‍ॅसिटॅनिलाइडची. जंत गेले नाहीत, ताप मात्र उतरला! औषध लगेच बाजारात आलं. पण ते घेणाऱ्यांचे ओठ आणि नखं निळी पडू लागली. म्हणून १८८७ मध्ये बायर कंपनीनं त्याचंच भावंड आणलं, फेनॅसेटिन. पुढे अ‍ॅस्पिरिन, फेनॅसेटिन आणि कॅफीन यांची मिळून ‘एपीसी’ झाली. ती गोळी जुन्या पिढीतल्या अनेकांना आठवत असेल.

१८९३ साली फॉन मेरिंग या जर्मन डॉक्टरानं तिसरं भावंड तपासलं. तेच आपलं पॅरासिटामॉल. त्याचा निष्कर्ष असा, की हेही रक्ताला अपायकारक आहे. त्याच्या हातातली पूड बहुधा शुद्ध नव्हती, असं पुढच्या संशोधकांना वाटलं. पण शिक्का बसला तो बसला, आणि चांगलं औषध अर्धशतक बाजूला पडलं.

योगायोग असा, की त्याच १८९३ साली काशिनाथुनी नागेश्वरराव यांनी आपल्या मुंबईत अमृतांजन सुरू केलं. बाम चोळल्यानं चोंदलेलं नाक खरं तर उघडत नाही. मेंथॉलमुळे गारवा जाणवतो आणि मोकळं झाल्यासारखं वाटतं, इतकंच. पण गोळीच्या तुलनेत हा भ्रम बराच स्वस्तात पडला, असं मी म्हणेन.

गोळीची किंमत कुणी मोजली, ते स्वीडनमधल्या हुस्क्वार्ना या गावात दिसलं. तिथे बंदुका, शिवणयंत्रं आणि मोटारसायकली बनवणारा मोठा कारखाना होता. १९१८ च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीत कारखान्याचे डॉक्टर यॉर्टन यांनी कामगारांना एक पूड दिली. तिच्यात फेनॅसेटिन, फेनॅझोन आणि कॅफीन. डोकं उतरलं, हुशारी वाटू लागली. साथ संपली, पूड काही सुटली नाही. डोकं दुखो न दुखो, माणसं ती रोज घेऊ लागली. वाढदिवसाला पुड्यांची पाकिटं भेट द्यायची प्रथाही पडली! या गावात मूत्रपिंडं निकामी होऊन इतकी माणसं का मरतात, हे कोडं सुटायला चार दशकं लागली. ग्रिमलुंड या डॉक्टरानं त्याचा अभ्यास १९६३ मध्ये प्रसिद्ध केला. साधीशीच सर्दी-तापाची पूड; तिच्यावर संशय घेणार कोण?

दरम्यान १९४८-४९ मध्ये अमेरिकेत ब्रॉडी आणि अ‍ॅक्सेलरॉड यांनी दाखवून दिलं, की आधीची दोन्ही औषधं पोटात गेल्यावर त्यांचं पॅरासिटामॉल होतं आणि गुण येतो तो त्याचाच. म्हणजे १८९३ मध्ये नाकारलेलं औषध लोक नकळत घेतच होते, शिवाय सोबत विषही. १९५० च्या दशकात पॅरासिटामॉल विक्रीला आलं.

आता तेही निर्धोक समजू नका. प्रौढाला चोवीस तासांत चार ग्रॅम ही कमाल मर्यादा. यकृताचा आजार असेल किंवा दारूची सवय असेल, तर त्याहून कमी आणि तेही डॉक्टरांना विचारून. सर्दीच्या बहुतेक तयार गोळ्यांत पॅरासिटामॉल आधीच असतं. ती घेतलेला माणूस डोकं दुखतं म्हणून वर तापाची वेगळी गोळी घेतो आणि मात्रा दुप्पट होते. पट्टीच्या मागची बारीक अक्षरं त्यासाठी चष्मा लावून वाचावीत. लहान मुलांना सर्दी-तापात अ‍ॅस्पिरिन देऊ नये. आणि मान ताठ झाली, उजेड सोसेना, माणूस बरळू लागला, तर गोळी शोधत न बसता तडक इस्पितळ गाठावं.