विमानप्रवासातील सामान

विमानप्रवासातील सामान म्हणजे प्रवाशाने तिकिटाच्या आधारे स्वतःबरोबर विमानातून नेलेल्या वस्तू होत. त्याचे दोन प्रकार मानले जातात. प्रवाशाजवळ राहते ते हातसामान, आणि विमानतळावर कंपनीच्या स्वाधीन केल्यावर विमानाच्या मालकक्षात ठेवले जाते ते चेक-इन सामान. भारतांतर्गत उड्डाणांत साध्या वर्गाच्या प्रवाशास सामान्यतः ७ किलो हातसामान व १५ किलो चेक-इन सामान नेता येते. मात्र कंपनी व तिकीट यांनुसार ही मर्यादा बदलते. कोणती वस्तू कोणत्या पिशवीत ठेवावी, हा प्रश्न वजनाइतकाच महत्त्वाचा असून बहुतेक प्रवाशांची फसगत तेथेच होते.

बॅटऱ्या

लिथियम बॅटरीत बिघाड झाल्यास ती आपोआप तापत जाऊन पेट घेऊ शकते. केबिनमध्ये असा धूर कर्मचाऱ्यांच्या लगेच ध्यानात येतो व आग विझवता येते. मालकक्षात ते शक्य नसते. म्हणून पॉवर बँक व सुट्ट्या बॅटऱ्या चेक-इन सामानात ठेवण्यास मनाई असून त्या केवळ हातसामानातून नेता येतात. १०० वॉट-तासांपर्यंतच्या बॅटरीस परवानगी लागत नाही. १०० ते १६० वॉट-तासांसाठी कंपनीची संमती घ्यावी लागते. वॉट-तास छापलेले नसल्यास मिलिअँपिअर-तासांच्या आकड्यास व्होल्टने गुणून १००० ने भागावे. २०,००० मिलिअँपिअर-तास व ३.७ व्होल्टची पॉवर बँक अशा हिशेबाने ७४ वॉट-तासांची ठरते. जानेवारी २०२५ मध्ये दक्षिण कोरियातील बुसान येथे उड्डाणापूर्वी एका प्रवासी विमानास आग लागली; ती पॉवर बँकेमुळे लागली असावी, असा अंदाज चौकशीत व्यक्त झाला. त्यानंतर अनेक कंपन्यांनी पॉवर बँक डोक्यावरील कप्प्यात न ठेवता जवळ बाळगण्याचा नियम केला.

खाद्यपदार्थ

मराठी घरांतून परदेशी निघालेल्या पेटीत खाऊ नसणे विरळाच, आणि अडचणीही तेथूनच उद्भवतात. सुक्या खोबऱ्याची वाटी निरुपद्रवी वाटत असली तरी तेलाच्या अंशामुळे सुके खोबरे आपोआप तापणाऱ्या पदार्थांत मोडते व धोकादायक मालाच्या आंतरराष्ट्रीय यादीत त्याची नोंद आहे. त्यामुळे ते चेक-इन सामानातून काढून टाकले जाते. शबरीमलेच्या यात्रेकरूंना इरुमुडीतील नारळ केबिनमध्ये नेण्याची सवलत २०२४ मध्ये देण्यात आली होती, तीही ठरावीक मुदतीपुरती. ऑगस्ट २००६ मध्ये लंडन येथे द्रव स्फोटकांचा कट उघडकीस आल्यापासून आंतरराष्ट्रीय प्रवासात हातसामानातील द्रवपदार्थांवर बहुतेक ठिकाणी १०० मिलिलिटरच्या बाटलीची मर्यादा आली. तूप, लोणचे व चटणी यांनाही द्रवाचाच नियम लावला जातो. हे पदार्थ चेक-इन सामानात घट्ट बांधून ठेवणे सोयीचे.

खसखशीची बाब मात्र गंभीर आहे. भारतात वाण्याकडे सहज मिळणारी खसखस संयुक्त अरब अमिरातीत व सिंगापुरात अमली पदार्थविषयक कायद्याच्या कक्षेत येते, आणि तिच्यापायी प्रवाशांना अटक झालेली आहे. दुबईस जाणाऱ्याने खसखस लावलेले अनारसे किंवा तयार मसाल्याची पुडी नेण्यापूर्वी घटक पाहणे आवश्यक ठरते. कोडीनयुक्त खोकल्याची औषधे व काही वेदनाशामके यांनाही तेथे निर्बंध आहेत. दुसऱ्याने ‘माझ्या मुलासाठी एवढे न्या’ म्हणून दिलेले पुडके उघडून पाहण्यात संकोच वाटतो खरा, परंतु कायद्यापुढे जबाबदारी ज्याच्या सामानात वस्तू सापडते त्याचीच धरली जाते.

अमेरिकेत भारतीय आंबा विकिरण प्रक्रियेनंतरच प्रवेश करू शकतो. म्हणून घरून नेलेला हापूस सीमाशुल्क कक्षात जप्त होतो. नेलेला खाद्यपदार्थ पत्रकात नमूद न केल्यास दंडही होऊ शकतो. नमूद केलेली वस्तू नाकारली गेली, तर बहुधा केवळ वस्तूच जाते.

सामान हरवल्यास

पट्ट्यावर सामान न आल्यास विमानतळ सोडण्यापूर्वीच कंपनीच्या कक्षात तक्रार नोंदवून तिची प्रत, अर्थात पीआयआर, घ्यावी लागते. सामानाची चिठ्ठी व बोर्डिंग पास जपून ठेवावेत. चिठ्ठीवर गंतव्य विमानतळाची तीन अक्षरे असतात, उदाहरणार्थ मुंबईसाठी बीओएम. ती सामान देतानाच वाचून घेतल्यास चूक तेथेच पकडता येते. मागील प्रवासाच्या चिठ्ठ्या पेटीवर तशाच राहिल्यास सामान भलतीकडे जाण्याचा संभव असतो.

आंतरराष्ट्रीय प्रवासास १९९९ चा माँट्रियल करार लागू होतो. भारत २००९ मध्ये त्यात सहभागी झाला. सामान मोडल्यास ते मिळाल्यापासून ७ दिवसांत, उशिरा मिळाल्यास हाती आल्यापासून २१ दिवसांत लेखी तक्रार करावी लागते. येण्याच्या दिवसापासून २१ दिवसांत न आलेले सामान हरवले असे मानून भरपाई मागता येते. २८ डिसेंबर २०२४ पासून भरपाईची कमाल मर्यादा प्रतिप्रवासी १,५१९ विशेष आहरण अधिकार इतकी आहे. हे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचे हिशेबी एकक होय. न्यायालयात दावा दोन वर्षांच्या आत दाखल करावा लागतो. दागिने, रोकड, प्रमाणपत्रे व रोजची औषधे चेक-इन सामानात ठेवू नयेत, असे कंपन्या आपल्या अटींतच बजावतात. औषधांबरोबर डॉक्टरांची चिठ्ठी असावी.