आज्ञेआधीचा धडा



कुत्र्याच्या पिल्लाचे शिक्षण केव्हा सुरू होते? प्रश्न क्षुल्लक वाटेल. जुन्या शिकविणाऱ्यांचे उत्तर ठरलेले होते: पिल्लू सहा महिन्यांचे होऊ द्यावे, गळ्यातल्या पट्ट्याचा हिसका सोसण्याइतके वाढू द्यावे, मग शिकवणीला आरंभ करावा. हे उत्तर चुकीचे होते. परंतु ते चुकीचे आहे हे नीट कळण्यास विसाव्या शतकाचा मध्य उजाडावा लागला. ते कळण्यात अंध माणसांच्या गरजेचा वाटा मोठा आहे. ती हकीकत आज आपल्यापुढे ठेवावयाची आहे.

पहिल्या महायुद्धात दृष्टी गमावलेले सैनिक जर्मनीत परतू लागले, तेव्हा १९१६ साली ओल्डेनबुर्ग येथे त्यांच्यासाठी वाटाडे कुत्रे तयार करणारी शाळा निघाली. पहाऱ्याच्या कुत्र्याने आज्ञा पाळली की काम भागते. वाटाड्या कुत्र्याचे तसे नाही. धनी ‘चल’ म्हणाला आणि त्याच क्षणी समोरून मोटार आली, तर कुत्र्याने ती आज्ञा मोडलीच पाहिजे. ही अक्कल चाबकाने कशी शिकविणार? केवळ धाकाने शिकलेला प्राणी आज्ञा मोडण्यास धजत नाही. त्यामुळे पिल्लू शिकते कसे, हा मूळ प्रश्नच येथे उभा राहिला.

त्या काळी हाताशी काय ज्ञान होते? अमेरिकेत थॉर्नडाइकने १८९८ साली मांजरे व कुत्री खोक्यांत कोंडून पाहिली होती. ती धडपडत, आणि ज्या हालचालीने दार उघडून अन्न मिळे ती हालचाल पुढच्या वेळी लवकर करीत. ज्याचे फळ गोड, ते कर्म पुन्हा घडते, हा नियम त्यातून निघाला. रशियात पाव्हलॉव पचनक्रियेचा अभ्यास करीत होता. त्यासाठी त्याला १९०४ साली नोबेल पारितोषिक मिळाले. त्याच्या कुत्र्यांच्या तोंडाला अन्नाआधीच, अन्नाची नुसती चाहूल लागताच, पाणी सुटे. एखादा आवाज वारंवार अन्नाच्या अगोदर केला, तर तो आवाजच अन्नाची खूण होऊन बसतो, हे त्याने दाखविले. जर्मनीतील पोलीस अधिकारी कोनराड मोस्ट याने १९१० साली कुत्र्यांच्या शिक्षणावर ग्रंथ लिहिला. कुत्र्याला माणसाची नीती कळत नाही, त्याला फक्त कृती आणि तिचा लगेच येणारा परिणाम यांची सांगड कळते, हे त्याने स्पष्ट सांगितले. मात्र त्याच्या पद्धतीत बक्षिसाबरोबर जबरदस्तीलाही मोठे स्थान होते.

पुढे डोरोथी युस्टिस ही अमेरिकन बाई स्वित्झर्लंडमध्ये जर्मन शेफर्ड कुत्री तयार करीत असे. जर्मनीतील अंधांचे कुत्रे पाहून तिने १९२७ साली एक लेख लिहिला. तो मॉरिस फ्रँक या अंध अमेरिकन तरुणाने ऐकला आणि तिला पत्र घातले. १९२८ साली स्वित्झर्लंडला जाऊन तो ‘बडी’ नावाच्या कुत्रीसह शिकला, आणि मायदेशी परतून तिच्या भरवशावर न्यूयॉर्कचे गजबजलेले रस्ते ओलांडू लागला. दुसऱ्याच वर्षी, १९२९ साली, अमेरिकेत ‘द सीइंग आय’ ही शाळा स्थापन झाली.

तथापि एक कोडे उरलेच. चांगल्या वंशाची, निरोगी, हुशार पिल्लेसुद्धा ऐन शिक्षणात का नापास होतात? याचा उलगडा बार हार्बर येथील जॅक्सन प्रयोगशाळेत झाला. तेथे स्कॉट व फुलर यांनी पाच जातींच्या पिल्लांचा वर्षानुवर्षे अभ्यास केला. त्यांचा ग्रंथ १९६५ साली निघाला. पहिले सुमारे दोन आठवडे पिल्लाचे डोळे व कान मिटलेले असतात. तिसऱ्या आठवड्यात जग उघडते. तेथून सुमारे बाराव्या आठवड्यापर्यंतचा काळ असा, की त्यात पिल्लू आपले कोण आणि परके कोण हे ठरविते. १९६१ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात काही पिल्ले उंच कुंपणाच्या आत माणसाच्या सहवासावाचून वाढविली. निरनिराळ्या वयांत त्यांतली काही एकेक आठवडा माणसांत आणली, ती माणसाळली. चौदा आठवडे ज्यांना माणूस भेटलाच नाही ती रानटी राहिली, आणि नंतरच्या लाडीगोडीचाही फारसा उपयोग झाला नाही.

याच प्रकाशात कॅलिफोर्नियातील सॅन राफेल येथे फाफेनबर्गरने वाटाड्या कुत्र्यांच्या शाळेतील नोंदी तपासल्या. तेथे पिल्लांच्या चाचण्या बाराव्या आठवड्यापर्यंत चालत, मग ती कुटुंबांत वाढावयास दिली जात. त्याने व स्कॉटने १९५९ साली जे प्रसिद्ध केले ते विचार करावयास लावणारे आहे. चाचण्या संपल्यावर आठवड्याभरात घरी गेलेल्या पिल्लांपैकी सुमारे ९० टक्के पुढे वाटाडे झाले. तीन आठवड्यांहून अधिक काळ खुराड्यात पडून राहिलेल्यांपैकी सुमारे ३० टक्केच. वंश तोच, शिक्षक तेच. फरक पडला तो थोड्या आठवड्यांच्या एकटेपणाचा.

यावरून घरच्या पिल्लाविषयी काय घ्यावे? सुमारे आठ आठवडे ते आईजवळ व भावंडांत राहू द्यावे. खेळताना किती जोराने चावावे याचे माप ते तेथेच शिकते. मात्र माणसाचा हात त्याला त्याआधीच ओळखीचा व्हावा. मग निरनिराळी माणसे, आवाज, जागा यांची गोडीगोडीने ओळख करून द्यावी. लसी पशुवैद्याच्या सल्ल्याने वेळच्या वेळी टोचाव्यातच. पण त्या पुऱ्या होईपर्यंत पिल्लाला कोंडून न ठेवता कडेवर घेऊन रस्ता दाखवावा. शिकविताना शब्द एकच असावा, पाठ दोन-चार मिनिटांचा असावा, बक्षीस त्याच क्षणी मिळावे. स्किनरने १९५१ साली सुचविल्याप्रमाणे, दाबले की टिक्कन वाजणाऱ्या खेळण्याचा आवाज आधी खाऊशी जोडावा. मग हवी ती कृती घडताच तो क्षण त्या आवाजाने नेमका टिपता येतो. जेवल्यावर, झोपून उठल्यावर पिल्लाला बाहेर न्यावे व काम उरकताच शाबासकी द्यावी. तासापूर्वी केलेल्या घाणीसाठी नाक घासणे व्यर्थ. पिल्लू त्यातून फक्त आपल्या हाताची भीती शिकते.

सारांश, आज्ञा हा दुसरा धडा आहे. पहिला धडा माणूस भरवशाचा आहे की नाही हा, आणि तो आपण शिकवू म्हटले वा न म्हटले तरी पिल्लू शिकतेच. आपल्या गल्लीत जिन्याखाली व्यालेल्या कुत्रीची पिल्लेही त्याच आठवड्यांतून जात असतात. त्यांना त्या काळात भाकरीचा तुकडा मिळतो की दगड, याचा हिशेब ती मोठी झाल्यावर आपल्याच दारात होतो. अंधाला रस्ता ओलांडून नेणारा कुत्राही अशाच एका लहान पिल्लातून घडला, आणि त्याच्या वाटेला कोणीतरी वेळेवर आले होते.